लँडलाइनचं बिल आणि फायबरचं बिल, दोन्ही कशाला भरायची? (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

तिकटीवरची_काकू

नमस्कार मंडळी. घरातल्या फोनचा हिशेब घेऊन बसलेय आणि काही केल्या मेळ लागेना, म्हणून इथं विचारते.

आमच्याकडं दोन जोडण्या आहेत. खाली माजघरात जुना लँडलाइन, तांब्याच्या तारेवरचा, अजून सासऱ्यांच्याच नावावर. वरच्या मजल्यावर पुतण्याचं फायबर, म्हणजे काचेच्या तारेवरचं इंटरनेट. लँडलाइनचं भाडं २९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ३५२ रुपये ८२ पैसे. फायबर ४९९ चं म्हणून घेतलं, बिल येतं ५८८.८२ चं. पुतण्याचं एकच पालुपद: "काकू, लँडलाइन काढ, वर्षाचे चार हजार वाचतील." आकडा त्याचा खरा आहे, ४२३३ रुपये होतात. पण ते काढ म्हणणारा वर राहतो आणि लँडलाइन वापरणाऱ्या सासूबाई खाली, माझ्याजवळ.

सासूबाईंचं वय ८१. ऐकू कमी येतं. मोबाइल कानाला लावला की गाल लागून स्पीकर तरी चालू होतो नाहीतर फोन तरी कट होतो, आणि मग "कुणी ठेवला फोन?" म्हणून आमच्यावरच राग. त्यांना जड रिसीव्हर लागतो आणि मोठी बटणं. जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य दाबावं लागतं. तेव्हा त्यांच्या वहीतल्या एकेका मोबाइल नंबरापुढं लाल पेनानं शून्य काढून दिलं होतं. त्या वहीत नावं नाहीतच. कुठं "पेढेवाले", कुठं "वाकडी चाळ", कुठं नुसतं "ती". त्यांना बरोबर कळतं.

सगळं घोडं अडलंय ते नंबरापाशी. ०२३१ नंतरचे आकडे माझ्या लग्नाच्या आधीपासूनचे, फक्त मधे कधीतरी पुढं २ लागला तेवढाच फरक. गडहिंग्लजच्या मावशी, म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, दुपारची झोप झाली की याच नंबराला फोन करतात. कोण कोण करतं ते बघावं म्हणून मध्यंतरी फोनशेजारी कागद ठेवून लिहायला लागले. मावशी. "लोन हवंय का मॅडम". मावशी. गॅसची गाडी. कुणीतरी लॅब समजून रक्ताचा रिपोर्ट विचारत होतं. मावशी. परत मावशी. म्हणजे आम्ही महिना साडेतीनशे रुपये जवळपास एका माणसासाठी भरतो. बाहेर जाणारे फोन मात्र भरपूर: डॉक्टर, भाजीवाला, देवळातले गुरव, आणि मी कामावर असताना मला, "आज वाटीभर डाळ लावू की दोन?"

तर माझे प्रश्न. नुसतं बोलायचंच असेल तर सगळ्यात स्वस्त काय पडतं? नंबर तोच राहील का? आणि पावसाळ्यात लाइट गेल्यावर फायबरचा फोन चालतो का? पुतण्या म्हणतो चालतो, पण तो लाइट गेली की मोबाइलवर पिक्चर बघत बसतो, त्याला काय माहीत.

---

तारवाला_निवृत्त

ताई, आमची सगळी नोकरी खांबावर चढण्यात आणि केबलच्या खड्ड्यात उतरण्यात गेली, तेव्हा थोडं सांगतो.

आधी नंबराचं. आपल्याकडं नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही. तेव्हा पुतण्याची कंपनी दुसरी असेल तर हा नंबर तिथं कुणीच नेऊन देणार नाही. कुणी विक्रीवाला "करून देतो की" म्हणाला तर लेखी मागा, लगेच गप्प बसेल. मात्र त्याच कंपनीच्या तांब्यावरून त्याच कंपनीच्या फायबरवर नंबर नेता येतो. बीएसएनएलचा असेल तर त्यांच्याच फायबरवर, म्हणजे भारत फायबरवर, जुनाच नंबर ठेवायचाय असं अर्ज देतानाच स्पष्ट सांगा.

आता लाइटचं. तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट डीसी येतात. एक्स्चेंजला बॅटऱ्यांची आख्खी खोली असते, पाठीमागं जनरेटर असतो. म्हणून गल्लीत अंधार असला तरी काळा डबडा फोन वाजतो. फायबरमधून उजेड येतो, वीज येत नाही. घरातला राउटर तुमच्या भिंतीतल्या पिनवर चालतो, लाइट गेली की तो गेला आणि त्याला जोडलेला फोनही गेला. त्यावर उपाय आहे. राउटरचा छोटा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर त्याला वीज पुरवणारी बॅटरी, मिळतो, बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, ॲडॉप्टरवर लिहिलेलं बघून घ्यायचा. दोन-चार तास निभावतात.

आणि एक. तुमचा लँडलाइन कॉर्डलेस असला तर तांब्यावर असूनही लाइट गेल्यावर बंदच पडतो, कारण त्याचा बेस घरच्या विजेवर असतो. लोकांना हे माहीत नसतं आणि शिव्या आमच्या लाइनमनला बसतात.

जाता जाता पुतण्याच्या राउटरची पाठ बघा. नेटच्या सॉकेटांच्या शेजारी एक बारकं सॉकेट असतं, जुन्या फोनची पिन बसेल एवढं. शेजारी फोन नाहीतर टेल असं काहीतरी छापलेलं असतं. फायबरच्या प्लॅनमध्ये देशातलं बोलणं बहुतेक फुकट धरलेलं असतं आणि निम्म्या घरांत त्या सॉकेटावर धूळ बसलेली असते. कंपनीला सांगून व्हॉइस, म्हणजे बोलण्याची सोय, चालू करून घ्यायचं. बटणाचा साधा फोन लावा, खाली पल्स-टोनची कळ असेल तर ती टोनवर. चकतीचा जुना फोन लावायला जाऊ नका, बहुतेक राउटरला त्याची भाषा कळत नाही.

---

लक्ष्मीपुरी_खतावणी

काकू, आमचा धंदा आकड्यांचा, तेव्हा मी तेवढंच बोलतो.

जाहिरातीतला फायबरचा आकडा नेहमी कर सोडून असतो. जिओचा खालचा प्लॅन ३९९ चा, हातात ४७०.८२. एअरटेलचा ४९९, हातात ५८८.८२. उलट मोबाइलच्या प्रीपेड रिचार्जची रक्कम कर धरून असते. लोक फायबरचे ३९९ आणि मोबाइल रिचार्जचे ४४८ शेजारी मांडतात आणि पहिला स्वस्त समजतात. एकाला कर लागायचाय, दुसऱ्याचा लागून झालाय. शिवाय पहिला महिन्याचा, दुसरा ८४ दिवसांचा. ही तुलनाच नव्हे.

नुसत्या बोलण्याचं म्हणाल तर फायबर आणि लँडलाइन दोन्ही महागच. ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेनं, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज ठेवा. मग जानेवारी २०२५ मध्ये ते आले. एअरटेलचा १८४९ ला ३६५ दिवस, जिओचा १७४८ ला ३३६ दिवस. बघताना जिओ शंभर रुपयांनी स्वस्त वाटतो. दिवसावर काढा: जिओ ५ रुपये २० पैसे, एअरटेल ५ रुपये ७ पैसे. हे दर मागंपुढं होतात, पैसे भरायच्या दिवशी ॲपमध्ये बघूनच भरा, पण भागाकार असाच करा.

म्हणजे महिना दीडशेच्या आसपास. तुमच्या लँडलाइनच्या निम्म्याहून कमी.

"मोबाइल त्यांना जमत नाही" हे वाचलं. लँडलाइनसारखा दिसणारा, आत सिम बसणारा टेबलफोन मिळतो. रिसीव्हर तसाच, बटणं मोठी, पोटात बॅटरी असल्यानं लाइट गेली तरी चालतो. घेताना एवढंच बघा की तो ४जी व्होल्टीचा, म्हणजे ४जी जाळ्यावरूनच बोलता येणारा, आहे का. स्वस्तातले बरेच नुसते २जी असतात, त्यांत जिओचं सिम चालतच नाही, कारण जिओचं २जी जाळंच नाही. एअरटेलचं चालतं. दुकानदाराला सिम घालून एक फोन लावून दाखवायला लावा आणि मगच पैसे द्या.

फायबरचे वर्षाचे पैसे एकदम भरायचा मोह होईल, वर थोडे दिवस जादा मिळतात म्हणून. मी भरत नाही. सेवा बिघडली तर महिन्याचं गिऱ्हाईक निघून जातं, वर्षाचं विनवण्या करत बसतं.

---

नागाळापार्कवाला

लाइटचा विषय निघालाय म्हणून लिहितो. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पाणी होतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट पाणी झालं की धोका पातळी, आणि त्या दोन्ही वेळा नदी त्याच्या लै वर गेलेली.

असल्या वेळी कसलाच फोन खात्रीचा नाही. आमची तांब्याची लाइन पहिल्या रात्री झकास चालली, सकाळी रस्त्याकडंची केबलची पेटी पाण्यात गेली आणि कारभार आटोपला. शेजाऱ्यांचं फायबर लाइटीबरोबरच गेलेलं. मोबाइल टिकला, पण टॉवरचं बॅकअप संपत आलं तशी रेंज येऊन-जाऊन. शेवटी उपयोगी पडला तो हजार रुपयांचा बटणाचा मोबाइल, चार्जिंग दोन दिवस पुरलं. आमच्या आज्जीला त्याच्यावरनं पाव्हण्यांना "आम्ही गच्चीवर हाय, बरं हाय" एवढं सांगता आलं.

तुमच्याकडं मंगळवार पेठेत पाण्याची तेवढी भीती नाही, लाइट मात्र जाणारच. तिच्यासाठी तारवाले काका म्हणतात तो छोटा यूपीएस बास झाला. पुरासाठी म्हणून लँडलाइनचं भाडं भरत असाल तर नका भरू.

---

तिकटीवरची_काकू

सगळ्यांचे आभार. बरीच उलथापालथ झाली, सांगते.

राउटरच्या पाठीमागं खरंच ते बारकं सॉकेट होतं. दीड वर्ष झालं फायबर येऊन, पुतण्याला पत्ता नाही. बीई झालाय. तारवाले काका, तुमचं नाव सांगून त्याला चांगलं सुनावलं. कंपनीला फोन करून व्हॉइस चालू झालं, खालचा फोन तात्पुरता वर नेऊन लावला. आवाज तांब्यापेक्षा स्वच्छ. सासूबाईंना वर बसवून भाजीवाल्याला लावून दिला तर त्या म्हणाल्या, "एवढा ओरडतोय कशाला?" म्हणजे ऐकू आलं.

पण नंबर अर्थातच नवा. मावशींना नवा नंबर सांगायचा म्हणून फोन केला, त्यांनी लिहून घेतला, वाचून दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जुन्यावरच केला. त्यांचं वय ७८, त्यांच्याकडून मला ही अपेक्षा नाही.

सिमच्या टेबलफोनचा हिशेब खतावणीकरांनी दिला तो पैशानं सगळ्यात बरा, हे मान्य. त्यातही नंबर नवाच. शिवाय आमच्या माजघरात रेंज नाही, भिंती दोन-दोन फुटांच्या मातीच्या. फोन खिडकीत ठेवावा लागेल आणि सासूबाई खिडकीत उभ्या राहून बोलल्या की आख्ख्या गल्लीला आमच्या घरचं कळेल.

तेव्हा उलटं करायचं ठरवतोय. जुना नंबर त्याच कंपनीच्या फायबरवर न्यायचा आणि पुतण्याचं बंद करायचं. चौकशी केली तर ४९९ चा प्लॅन त्यांच्याकडंही आहे, बोलणं त्यातच. म्हणजे दोन बिलांची बेरीज ९४१ रुपये ६४ पैसे होती, ती ५८८.८२ वर येते. लँडलाइनचे ३५२ वाचले आणि नंबरही राहिला. वरून छोटा यूपीएस घेणार. पुतण्या स्पीडवरून कुरकुरतोय, त्याला सांगितलंय, वरच्या प्लॅनचा फरक तू भर. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.

आता अडचण एकच. लँडलाइन सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, बिल आम्ही नुसतं भरत आलोय. आधी नाव बदलायचं की आधी फायबर? आणि त्यांच्या काळातल्या डिपॉझिटची पावती कपाटात सापडली आहे, तिचं काय करू?

---

तारवाला_निवृत्त

आधी नाव. दिवंगत माणसाच्या नावावरची जोडणी पुढं नेताना मधेच सही कुणाची यावर गाडी अडते. वारस म्हणून सासूबाईंच्या नावावर करा, त्यांचाच फोन आहे. मृत्यूचा दाखला, त्यांचं आधार, बाकीच्या वारसांची ना हरकत, आणि शेवटचं बिल भरल्याची पावती घेऊन जावा. एकदम सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. नाव बदलून झालं की मग फायबरचा अर्ज, त्यात जुना नंबर लिहायचा.

डिपॉझिटची पावती फेकू नका, मूळ प्रत कुणाला देऊही नका, झेरॉक्स जोडा. ती रक्कम नव्या नावावर वर्ग होते का बिलात वळती करतात, हे काउंटरवर विचारून अर्जातच लिहून घ्या आणि शिक्क्याची पोच घ्या.

पुतण्याचं फायबर मात्र आजच बंद करू नका. नव्या लाइनवर खालचा फोन वाजला, गडहिंग्लजहून फोन आला, की मग त्या कंपनीला कळवा. बंद करताना त्यांचा राउटर परत दिल्याची पावती घ्यायची, नाहीतर पुढं त्याच्या किमतीचं बिल येतं.