एहेन नदी : पाणी आहे, मग शिंपल्यांना धोका कसला?

'एनरडेल तळ्यामुळे इंग्लंडमधल्या कंब्रियातल्या एहेन नदीला बारमाही पाणी, मग तिथल्या मोती शिंपल्यांची काळजी कशाला?' असा प्रश्न विचारला जातो. तळं पूर थोपवतं खरं, पण रेवही अडवतं. नवी रेव येते ती बाजूच्या ओढ्यांतूनच. शिंपल्याच्या अळ्या सॅमन-ट्राउट माशांच्या कल्ल्यांना चिकटून हिवाळा काढतात, मग गळून रेवेत काही वर्षं गाडलेल्या राहतात. शेतातला गाळ इथेच घात करतो: फटी बुजतात, प्राणवायू पोचत नाही, पिल्लं गुदमरतात. शंभरी गाठणारे म्हातारे शिंपले मात्र दिसत राहतात, म्हणून सगळं आलबेल वाटतं! २०२२मध्ये तळ्यातून पिण्याचं पाणी उचलणं थांबलं (आता ते थर्लमिअर या दुसऱ्या तलावातून येतं), ते उत्तमच. पण काठाला कुंपण घालून गुरं लांब ठेवल्याशिवाय रेव काही स्वच्छ राहायची नाही.