मॅनस्लॉटरला मराठीत काय म्हणायचं?

फोंड्याची अनुवादक:
दिवाळी अंकासाठी एक जुनी इंग्रजी डिटेक्टिव्ह कथा मराठीत करतेय, १९३० च्या आसपासचं लंडन, आणि शेवटच्या चार पानांवर येऊन गाडी अडलीय. प्रसंग असा की भांडणात बाई नवऱ्याला जिन्याच्या वरच्या पायरीवर ढकलते, तो गडगडत खाली येतो, फरशीवर डोकं आपटतं आणि खलास. सगळं उकलून झाल्यावर इन्स्पेक्टर तिला सांगतो की हा मर्डर नाही, मॅनस्लॉटर आहे, म्हणजे खुनाहून हलका गुन्हा. मी "सदोष मनुष्यवध" लिहून मोकळी झाले. घरी वाचून दाखवलं तर धाकटा दीर म्हणतो, वहिनी, हा इन्स्पेक्टर लंडनचा की पणजी पोलीस स्टेशनचा? मर्डरला "खून" आणि मॅनस्लॉटरला "हत्या" अशी जोडी लावली तर चालेल का?

म्हापशाचा वाचक:
हत्या नको ताई. हत्या उलट जास्त जड वाटते. भ्रूणहत्या, हत्याकांड. गल्लीतल्या माणसाचा खून होतो, पंतप्रधानांची हत्या होते. शिवाय हिंदीतल्या कायद्यात मर्डरलाच हत्या म्हणतात, त्यामुळे हिंदी बातम्या बघणाऱ्याचा पार गोंधळ होईल. आणि ते सदोष मनुष्यवध म्हणजे खुनाचाच धाकटा भाऊ ना, कमी शिक्षावाला? मग अर्थ तर बरोबरच आहे की.

पोर्वरीचा वकील:
धाकटा भाऊ नाही, बाप आहे तो. हा घोटाळा पेपरांनी केलाय. सदोष मनुष्यवध ही मोठी पेटी, जुन्या आयपीसीचं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं कलम २९९, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १००. त्या पेटीतला जो सगळ्यात वाईट प्रकार तो खून, पूर्वीचं ३००, आताचं १०१. म्हणजे प्रत्येक खून हा आधी सदोष मनुष्यवध असतोच. खाली जे उरतं त्याचं पूर्ण नाव "खून नव्हे असा सदोष मनुष्यवध", पण एवढं मथळ्यात मावत नाही म्हणून सुरुवातीचे तीन शब्द कापतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की हे खुनाहून वेगळंच काहीतरी आहे.

फरक कुठे पडतो ते बघायचं तर १८७६ चा मुंबई हायकोर्टाचा गोविंदाचा खटला अजून शिकवतात. अठरा वर्षांचा नवरा, पंधरा वर्षांची बायको. त्यानं तिला खाली पाडलं, छातीवर गुडघा दिला आणि तोंडावर दोन-तीन बुक्के हाणले, मेंदूत रक्त साकळून पोर मेली. कोर्ट म्हणालं, जिवे मारायचा इरादा दिसत नाही, नुसत्या मुठीचे असे बुक्के एरवी माणूस मरायला पुरेसेही नसतात, पण मरू शकेल एवढी जाणीव असायलाच हवी होती. म्हणून खून नाही. सात वर्षं काळं पाणी. निकाल आज वाचताना अंगावर येतो, पण कलमाची फोड त्यात फार स्वच्छ आहे.

तुमच्या जिन्यावरच्या बाईंचं म्हणाल तर आपल्याकडे भांडण याच जाणिवेवर होईल. सरकारी वकील सदोष मनुष्यवधाच्या शिक्षेचं कलम १०५, त्याचा दुसरा भाग, नुसत्या जाणिवेचा, ओढणार, दहा वर्षांपर्यंत, आणि बचावाचा वकील म्हणणार की ही तर नुसती दुखापत, मरण त्याच्या नशिबानं आलं.

मडगावची वाचक:
पण वकीलबाब, खून म्हणजे ठरवून केलेला, आणि रागाच्या भरात झाला तर तो दुसरा, असं नाही का? सगळ्या रहस्यकथांत तर असंच असतं, आधी विष आणायचं, मग दस्ताने, मग गाडीचं वेळापत्रक.

पोर्वरीचा वकील:
नाही हो. वेळापत्रक लागतं ते कथाकाराला, कायद्याला नाही. सुरा उचलताना मनात आलेला इरादासुद्धा खुनाला पुरतो. रागाची सूट आहे, पण चिथावणी गंभीर पाहिजे आणि अचानक पाहिजे, आणि डोकं थंड व्हायच्या आत हात उठलेला पाहिजे. नानावटी आठवा, १९५९. बायकोनं आहुजाशी असलेल्या प्रेमसंबंधांची कबुली दिली, मग नेव्हीच्या या कमांडरनं तिला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, बोटीवर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, आहुजाचं ऑफिस गाठलं, तिथे नाही म्हणून फ्लॅटवर गेला. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक असा निर्दोष ठरवला, हायकोर्टानं ते फिरवलं, आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं शिक्कामोर्तब केलं: मधे तीन तास गेलेत, तेवढ्यात माणूस भानावर येतो. खून, जन्मठेप. पुढे माफी मिळाली ती वेगळी गोष्ट.

जाता जाता, कोणी कथेत आजच्या काळातला फौजदार रंगवत असाल तर त्याच्या तोंडी "तीनशे दोन लावतो तुला" घालू नका. खुनाची शिक्षा आता १०३ मध्ये गेली. नव्या संहितेतलं ३०२ धार्मिक भावना दुखावण्याचं आहे आणि ३०४ चक्क हिसकावून पळणाऱ्यांचं! आमच्या कोर्टाच्या कँटीनमध्ये यावर अजून विनोद चालतात.

म्हापशाचा वाचक:
मला "वध"च पटत नाही मुळात. कंसवध, कीचकवध. वध म्हटलं की मारणारा देव किंवा भीम आणि मरणारा मरायलाच लायक. आणि सदोष म्हणजे काय, निर्दोष मनुष्यवध पण असतो की काय?

पोर्वरीचा वकील:
असतो ना. स्वतःचा जीव वाचवताना मारलं आणि मर्यादा सोडली नाही तर गुन्हाच नाही. तुमचा भीम सैरंध्रीच्या बचावात उभा राहिला असता, कीचकाचा पार गोळा केला नसता तर मी त्याचं वकीलपत्र घेतलं असतं.

मडगावची वाचक:
😄 आमच्याकडे जुन्या कागदांत मनुष्यवधाला होमिसीदियु हा पोर्तुगीज शब्द दिसतो, व्होलुन्तारियु (इराद्यानं) आणि इनव्होलुन्तारियु (इराद्याविना) असे दोन. गोव्यात मुक्तीपर्यंत पोर्तुगीज पीनल कोड होता, आयपीसी १९६२ च्या रेग्युलेशननं आली. सिव्हिल कोड राहिला म्हणून लोकांना वाटतं सगळंच पोर्तुगीज राहिलं. आणि पोर्तुगालनं मुलकी गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ सालीच काढून टाकलेली, हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे देव जाणे.

इथल्या पेपरांची भाषा बघा मात्र, ती स्वतःच रहस्यकथेसारखी चढत जाते. किनाऱ्यावर मृतदेह, अनैसर्गिक मृत्यूची नोंद, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) शवचिकित्सा, मग "घातपाताचा संशय", आणि शेवटी कुठे खून. २००८ ची हणजूणची, ब्रिटिश मुलगी स्कार्लेट कीलिंगची केस तशीच, आधी बुडून मृत्यू म्हणाले, दुसऱ्या शवचिकित्सेनंतर खुनाचा गुन्हा. २०१६ मध्ये दोघेही आरोपी सुटले, २०१९ मध्ये हायकोर्टानं एकाला दहा वर्षं दिली, तीही सदोष मनुष्यवधासाठी. आपण बोलताना अजून मर्डर केसच म्हणतो.

फोंड्याची अनुवादक:
हे सगळं भारी आहे, पण माझं अडलेलं तिथेच आहे हो. इंग्लंडचं मॅनस्लॉटर आणि आपलं "खून नव्हे असा" एकच का?

पोर्वरीचा वकील:
एकच नाही. तिकडच्या मॅनस्लॉटरमध्ये घोर निष्काळजीपणाही येतो. डॉक्टरनं भलतंच इंजेक्शन देऊन पेशंट मारला तर तिकडे मॅनस्लॉटर होऊ शकतं, आपल्याकडे तो निष्काळजीपणाचा वेगळा गुन्हा, १०६, डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षं. आणि अमेरिकन कथांतलं फर्स्ट डिग्री, सेकंड डिग्री आपल्याकडे नाहीच, ते "पहिल्या दर्जाचा खून" असं भाषांतर कृपा करून कोणी करू नका, रेल्वेचा डबा वाटतो.

तुमच्या कथेपुरतं खरं महत्त्वाचं हे की १९३० च्या लंडनमध्ये मर्डर शाबित झाला की जज्जाला फाशीशिवाय दुसरी शिक्षा देताच येत नव्हती. मॅनस्लॉटर म्हणजे तुरुंग. त्या एका शब्दावर बाईचा गळा टांगलाय. मराठीत तो सुटकेचा श्वास आला नाही तर शब्दकोशातून कितीही अचूक शब्द काढा, पान पडलं.

म्हापशाचा वाचक:
मग कायद्याचा शब्द इन्स्पेक्टरच्या तोंडून काढूनच टाका. मराठीला हे सगळं क्रियापदात सांगता येतं. काटा काढला म्हणजे ठरवून. मुडदा पाडला म्हणजे रागात पण मारायलाच. आणि "हातून मेला" म्हटलं की इरादा नव्हता हे लहान पोरालाही कळतं. आमच्या वाड्यावर एकाच्या काठीनं शेजारी गेला होता, पंचवीस वर्षं झाली, म्हातारे आजही "त्यानं मारला" म्हणत नाहीत, "त्याच्या हातून मेला" म्हणतात. कोर्टाच्या आधी गावानं निकाल दिलेला.

फोंड्याची अनुवादक:
अरे हे बसतंय की! हे बघा आता:
"बाई, याला खून कोणी म्हणणार नाही. पण माणूस तुमच्या हातून मेलाय. तुरुंग चुकायचा नाही, फास मात्र चुकला."
फक्त पुढच्याच पानावर कोर्ट आहे आणि तिथे कारकून आरोप वाचून दाखवतो, तिथे "हातून मेला" कसं चालेल?

पोर्वरीचा वकील:
तिथे "मनुष्यवध" लिहा, सदोष काढून. सदोष आलं की आपली पेटी उघडते. कारकून बोजडच बोलतो, कुठल्याही देशातला, त्यामुळे वाचकाला खटकणार नाही. ज्यूरीला मात्र "पंच" करू नका, पंच म्हटलं की आपल्याकडे पंचनाम्यावर सही करणारे दोघे उभे राहतात. ज्यूरीच ठेवा.

मडगावची वाचक:
आणि "फास मात्र चुकला" मधलं "मात्र" काढा ताई, इन्स्पेक्टर वकिलासारखा बोलतोय. अंक आला की सांगा, मी घेणार.