मदत हवी आहे: आईच्या फोन-वापरावरून स्मृतिभ्रंश किती वाढला हे कसे ओळखावे?

दूरस्थ:
आई साताऱ्याला असते आणि मी म्युनिकला. गेल्या वर्षी तिच्या स्मृतिभ्रंशाचे निदान झाले असून पुढची तपासणी जूनमध्ये आहे. तोवर नुसते थांबणे मला अशक्य आहे. दिवाळीत मी तिच्या फोनच्या 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये पाहिले तेव्हा ती दिवसातून 30-35 वेळा फोन उघडत असे, आता तो आकडा 80च्या वर गेला आहे. परवा तर सकाळी सहा ते साडेसहाच्या दरम्यान तिने मावशीला सात वेळा फोन लावून दरवेळी "पाणी आलं का?" एवढेच विचारले. यावरून आजाराची पायरी सांगणारे ॲप असल्यास कृपया नाव सांगावे.

निरगुडी:
निदान नेमके कोणत्या प्रकारचे आहे? एमएमएसई या स्मरण-आकलनाच्या चाचणीत 30 पैकी किती गुण होते, आणि सोबत कोण असते?

कोकणकाका:
माझ्या वडिलांना मी सरळ बटणांचा फोन दिला. ओटीपी मागणाऱ्या भामट्यांची कटकट त्याच दिवशी संपली.

दूरस्थ:
काका, कोणता फोन घ्यावा हे मी विचारलेले नाही. अल्झायमर, 21 गुण. दिवसा एक बाई असतात, त्याच पडद्याची छायाचित्रे पाठवतात.

आकडेमोड:
ॲपल आणि औषधकंपनी लिली यांच्या सहभागाने झालेल्या 2019च्या अभ्यासात सौम्य आकलनदोष किंवा सौम्य अल्झायमर असलेली माणसे निरोगी माणसांपेक्षा हळू टंकत आणि कमी संदेश पाठवत, असे दिसले होते. पण दोन गटांतला फरक दिसणे वेगळे आणि एकट्या आईची पायरी ठरवणे वेगळे. तिची तुलना तिच्याच जुन्या सवयींशी करावी लागेल.

निरगुडी:
त्यापेक्षा बाईंनी रोजच्या नोंदींची वही ठेवलेली बरी. सीडीआर या स्मृतिभ्रंशाची तीव्रता सांगणाऱ्या मापनाची 0 ते 3 ही श्रेणी ठरवताना डॉक्टर स्मरण, पैशांचे व्यवहार, घरकाम यांविषयी रुग्णाला आणि घरच्यांना विचारतात. फोन किती वेळा उघडला, हे नव्हे.

आकडेमोड:
वही लिहिणाऱ्या बाई संध्याकाळी घरी जातात, फोन जात नाही. दूरस्थ, दिवाळीनंतर फोन बदलला का? आईचे डोळे कसे आहेत?

दूरस्थ:
डोळे ठीक आहेत. परतताना मी तिला नवा फोन देऊन आलो, पण त्याचा येथे काय संबंध?

आकडेमोड:
पडदा किती वेळाने विझतो ते बाईंना पाहायला सांगा.

दूरस्थ:
जुन्यात दोन मिनिटांनी विझत असे, नव्यात 30 सेकंदांनी. एकच निरोप वाचताना तिला तीनदा फोन उघडावा लागतो, असे बाई म्हणाल्या. हे मला आधीच सुचायला हवे होते.

निरगुडी:
सात फोनांचा उलगडा मात्र त्याने होत नाही. असे केव्हापासून चालले आहे, हे मावशींना विचारा. काही दिवसांतच एकदम बिघाड झाला असेल, तर लघवीचा संसर्ग, अंगातले पाणी कमी होणे किंवा नवे औषध यांमुळेही वृद्ध माणूस असा गोंधळतो, आणि त्यासाठी जूनची वाट पाहू नये.

दूरस्थ:
मावशी म्हणते, मंगळवारपासून. त्याआधी दिवसाला एखादाच फोन असे. पडद्याची वेळ वाढवून घेतली आहे. उद्या बाई आईला डॉक्टरांकडे नेतील, आणि मावशीच्या फोनवरील कॉलची यादी सोबत देतो आहे.