मदत हवी: रेक्टिफायर चालू केले की कपॅसिटर उडतात

भोसरीचा_मन्या: अर्जंट आहे. अनोडायझिंगचं (अ‍ॅल्युमिनियमवर विजेने ऑक्साइडचा थर चढवायचं) युनिट, एसीचं डीसी करणारे रेक्टिफायर दोन, दोन्ही एकदम चालले की एपीएफसी पॅनल (पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला कामी येणारा वाटा, सुधारायला कपॅसिटर आपोआप आत-बाहेर करणारं) घुंऽऽ करायला लागतं. महिन्यात सहा कपॅसिटर गेले, एक तर पुरीसारखा टम्म फुगलेला. बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर पडला की बिल वाढतं, म्हणून कपॅसिटर बंदही ठेवता येत नाहीत. कुठला ब्रँड टिकेल?

लोडशेडिंग: ब्रँडचं नंतर बघू. ट्रान्सफॉर्मर केवढा, कपॅसिटर किती, रेक्टिफायर किती पल्सचे?

भोसरीचा_मन्या: १००० केव्हीए. कपॅसिटर ५० केव्हीएआरच्या आठ स्टेप, म्हणजे आठ गट. रेक्टिफायर २४ व्होल्ट १०००० अँपिअर, थायरिस्टरवाले. पल्स काय असतं?

काकाश्री: आम्ही सर्वो स्टॅबिलायझर लावला, बारा वर्षांत एक बल्ब गेला नाही.

लोडशेडिंग: काका, बल्बचा काय संबंध! मन्या, पल्स म्हणजे एसीच्या एका सायकलमध्ये डीसीत येणारे ठोके. तुझे सहा पल्सचेच असणार, म्हणजे पाचवा आणि सातवा हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पाचपट, सातपट वारंवारतेचा करंट) जोरात. ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स ५ टक्के धरला तर फॉल्ट लेव्हल (शॉर्ट सर्किटची ताकद) २० एमव्हीए, भागिले ४०० केव्हीएआर, वर्गमूळ काढ, ७ येतं. आठही स्टेप आत आल्या की सातव्याशी रेझोनन्स, म्हणजे तोच करंट कैकपट वाढून कपॅसिटरमध्ये घुसतो, कुठलाही ब्रँड मरणार. ७ टक्क्यांचे डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर (कपॅसिटरच्या सिरीजमधली कॉइल, रेझोनन्स पाचव्याच्या खाली नेणारी) लाव आणि सोबत ५२५ व्होल्टचे कपॅसिटर घे, जुने ४४० चे त्यांना जोडू नकोस.

हर्ट्झ५०: त्याने कपॅसिटर वाचतात, हार्मोनिक तिथेच राहतात. उलटा करंट सोडून हार्मोनिक मारणारा अ‍ॅक्टिव्ह फिल्टर लावा.

लोडशेडिंग: पैसे तुम्ही भरताय का? एका रेक्टिफायरचा ट्रान्सफॉर्मर डेल्टा-डेल्टा जोडणीचा, दुसऱ्याचा स्टार-डेल्टा केला तर ३० अंशाचा फरक पडून पाचवा-सातवा आपसात कटतो.

हर्ट्झ५०: दोन्हीकडे सारखा लोड असेल तर. एका टाकीत माल असतो, दुसरी रिकामी, मग काय कटणार?

प्लेटिंगवाली_ताई: तुमचं भांडण होऊ द्या. मन्यादादा, टाकीला व्होल्ट किती देता?

भोसरीचा_मन्या: १४-१५. का?

प्लेटिंगवाली_ताई: मग २४ चं मशीन दाबून चालवताय. थायरिस्टरचं फायरिंग मागे गेलं, म्हणजे ते उशिरा चालू झाले की पॉवर फॅक्टर ०.६ च्या आसपास येतो, म्हणून आठही स्टेप आत ओढल्या जातात. रेक्टिफायरच्या ट्रान्सफॉर्मरला खालचा टॅप (कमी व्होल्टचं कनेक्शन) आहे का बघा. आमच्याकडे टॅप बदलल्यापासून तीन स्टेप बाहेरच असतात.

काकाश्री: सोलरवर सबसिडी किती मिळते हल्ली?

भोसरीचा_मन्या: ताई, सप्लाय काढून झाकण उघडलं. पट्टी २४ वर आहे, खाली १८ चा टॅप आहे, पण नट असा गंजलाय की पाना फिरेना.

लोडशेडिंग: डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारा स्प्रे) मारून थांब जरा. आणि स्टेप कमी झाल्या म्हणून रिअ‍ॅक्टर टाळू नकोस, तीनच आत असल्या तर तेच गणित अकराव्या हार्मोनिकजवळ येतं.