वाढीव खोली : स्वतः उभे राहून बांधावी की कंत्राटदाराला द्यावी?

प्रश्न
घराला लागून एक खोली आणि न्हाणीघर वाढवायचे आहे. आराखडा आणि परवानगी तयार आहे. गवंडी, प्लंबर, वायरमन मी स्वतःच नेमले, तर कंत्राटदाराचा नफा खरोखर वाचतो का? नोकरीमुळे मला कामावर फक्त सकाळ-संध्याकाळच जाता येईल.

प्रतिसाद १
नफा वाचतो, पण त्याबदल्यात कंत्राटदाराचे काम तुमच्या अंगावर येते, आणि ते बहुतेक भर दिवसाचे असते. स्लॅबचेच पाहा. काँक्रीट ओतण्याआधी सळया नकाशाप्रमाणे बांधल्या आहेत का, त्यांच्याखाली कव्हर ब्लॉक (सळया तळाला टेकू न देणारे छोटे ठोकळे) आहेत का, वायरमनने पाइप टाकले का, प्लंबरने सांडपाण्याच्या नळांसाठी जागा सोडली का, हे सारे एकाच माणसाच्या नजरेखालून जावे लागते. यातला एक कारागीर आला नाही, तर सगळे काम खोळंबते किंवा पुढे तयार स्लॅब फोडावा लागतो. फोडताना सळई कापली गेली, तर मजबुतीलाच धक्का बसतो. शिवाय ओतल्यानंतर किमान ७ दिवस काँक्रीट सतत ओले ठेवावे लागते. तुमच्या वेळापत्रकात हे बसणार नाही, असे मला स्पष्टपणे वाटते.

प्रतिसाद २
मला जबाबदारीचा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. न्हाणीघरातून पाणी झिरपू लागले की प्लंबर फरशीवाल्याकडे बोट दाखवतो आणि फरशीवाला प्लंबरकडे. कंत्राटदार एकच असेल, तर दुरुस्ती त्याच्याकडे मागता येते. मात्र करारात तसे लिहून घ्यायला हवे. पैसे पाया, स्लॅब, प्लास्टर अशा पूर्ण झालेल्या टप्प्यांनुसार द्यावेत आणि काही रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी.

प्रश्नकर्ता
सांगाडा कंत्राटदाराकडे आणि रंग, फरशी, कपाटे माझ्याकडे, असे केले तर?

प्रतिसाद १
ते जमण्यासारखे आहे, कारण रंग किंवा कपाटांचे काम दोन दिवस पुढे गेले तरी बिघडत नाही. न्हाणीघराची फरशी मात्र जलरोधनासकट कंत्राटदाराकडेच ठेवा. आणखी एक गोष्ट : जुना पाया बसून स्थिरावलेला असतो, नवा अजून बसायचा असतो, त्यामुळे दोन्ही बांधकामे जिथे भेटतात तिथे तडा जाण्याचा संभव असतो. तो सांधा कसा ठेवायचा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पायाची खोदाई सुरू होण्याआधीच नकाशावर काढून घ्या.