मदत हवी आहे : महामार्गावरील वाहतूक नियंत्रण पथकाचे प्रशिक्षण

सोलापूरजवळ पुणे–हैदराबाद महामार्गावरील डागडुजीचे उपकंत्राट आमच्याकडे असून, शंकूच्या आकाराचे कोन (ट्रॅफिक कोन) आणि बॅरिकेड लावणाऱ्या तसेच झेंडी दाखवणाऱ्या कामगारांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी माझ्यावर आहे. रस्त्यांचे मानक ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या, कामाच्या जागेवरील वाहतूक व्यवस्थापनाविषयीच्या एसपी ५५ (२०१४) या मार्गदर्शिकेनुसार पूर्वसूचनेपासून समाप्तीपर्यंतचे रस्त्यावरील चारही टप्पे आम्ही आखले आहेत आणि काम सुरू करण्यापूर्वी रोज सूचना-बैठक घेतो. तरीही कोन उचलताना मांडणीच्या उलट क्रमाने जायचे असते हे घाईत विसरले जाते, आणि येणाऱ्या वाहनांकडे पाठ करून वाकलेला माणूस पाहिला की जीव धास्तावतो. अनेकांना वाचता येत नाही, काही जण कन्नड किंवा तेलुगू बोलतात. त्यामुळे इंग्रजी स्लाइडवरचे वर्ग निरुपयोगी ठरले. खर्चाची तयारी आहे, मात्र संपूर्ण पथक एकाच वेळी बाहेरगावी पाठवणे शक्य नाही. प्रत्यक्ष रस्त्यावर सराव करून घेऊन प्रत्येकाचे मूल्यमापन करणारे मराठी प्रशिक्षक कोठे मिळतील, आणि डांबराने माखलेल्या सुरक्षा जाकिटांच्या परावर्तक पट्ट्या रात्री पुरेशा चमकतात की नाही हे मोजयंत्राशिवाय जागेवर कसे तपासावे?