इटली मे २०२६ – ११ जण (फक्त कामाचं लिहा)

सुनंदा आत्या: निखिल, रात्री चष्मा लावून तुझा तक्ता नीट वाचला. फ्लॉरेन्सला रविवारी ३ तारखेला दुपारी पोचायचं, सोमवारी सगळं बघायचं आणि मंगळवारी सकाळी व्हेनिसची गाडी पकडायची. बरोबर?

निखिल: हो आत्या. सोमवार पूर्ण मोकळा ठेवलाय.

सुनंदा आत्या: सोमवारी उफिझी संग्रहालय बंद असतं. अकादेमियाही बंद असतं. म्हणजे मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा नाही, बोत्तिचेल्लीची चित्रं नाहीत. एवढ्या लांब जाऊन कुलपं बघायची का?

तात्या: शुभ सकाळ. माणसं जोडत चला, आयुष्य आपोआप सुंदर होईल.

सुनंदा आत्या: तात्या, ग्रुपचं नाव वाचा.

निखिल: तक्ता १२ दिवस ग्रुपवर पडून आहे. अंगठे सगळ्यांचे आले, वाचला कोणीच नाही. रोम–फ्लॉरेन्सची तिकिटं काढून झालीत. सगळ्यात स्वस्त भाड्याची आहेत, त्यात तारीख बदलत नाही आणि पैसेही परत येत नाहीत.

प्रसाद दाजी: म्हणून मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, दोन गाड्या भाड्याने घेऊ. आपल्या वेळेने निघायचं, आपल्या वेळेने पोचायचं.

आण्णा: कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले. आर्नो नदीच्या काठी दहन झालं. तिथं त्यांची छत्री आहे. तक्त्यात कुठं दिसत नाही. घालावी.

श्रेया (बोलोन्या): आत्याचं बरोबर आहे. उफिझी, अकादेमिया आणि पित्ती राजवाडा सोमवारी बंद असतात. पण डुओमोचा, म्हणजे तिथल्या मुख्य कॅथेड्रलचा, घुमट सोमवारी चालू असतो, सान्ता क्रोचे चर्चही. उलट रविवारी कॅथेड्रल पर्यटकांसाठी बंद. त्यामुळे सोमवार वाया जात नाही, फक्त एक मुक्काम कमी पडतोय.

सुनंदा आत्या: मे महिन्याचा पहिला रविवार म्हणजे सरकारी संग्रहालयं फुकट. ३ तारखेलाच जाऊया की. तेवढेच ११ जणांचे पैसे वाचतील.

श्रेया (बोलोन्या): त्या दिवशी उफिझीचं आगाऊ बुकिंग होत नाही. जो येईल त्याने रांगेत उभं राहायचं. सामान हॉटेलवर टाकून ११ जण दुपारी २ ला रांगेत लागलो तर संध्याकाळी दारापर्यंत पोचू, आत नाही. फुकटच्या नादाला नको.

वैशाली वहिनी: व्हेनिसला ३ रात्री आहेत ना? एक तिथली काढा, इथं घाला. बुधवारी सकाळी निघू.

निखिल: व्हेनिसची गाडी अजून काढलेली नाही. हॉटेल रद्द करायची मुदतही आहे. होईल. पण आधी ज्यांनी रोमच्या तिकिटाचे पैसे दिले नाहीत त्यांनी द्यावेत. नावं घेत नाही.

प्रसाद दाजी: नावं घ्या ना. आम्ही गाडीचं काय ठरतंय ते बघून देणार होतो.

निखिल: दाजी, तसं काही नाही. सावकाश द्या.

श्रेया (बोलोन्या): दाजी, गाडीचं एकदाच स्पष्ट सांगते. फ्लॉरेन्सचा जुना भाग म्हणजे झेडटीएल, वाहनबंदीचा पट्टा. अडवायला फाटक नसतं, पोलीस नसतो. पाटी असते आणि कॅमेरा असतो. पाटी इटालियनमध्ये आणि समोरची गल्ली एकेरी, त्यामुळे वाचेपर्यंत आपण आत असतो. रस्ता चुकून तीनदा आत गेलो तर तीन वेगळे दंड. भाड्याची कंपनी आपला पत्ता पोलिसांना कळवते, त्याचं शुल्क कार्डावरून वेगळं कापते, आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते. आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागेल तो वेगळाच. डुओमो, उफिझी, पॉन्ते व्हेक्यो हा जुना पूल, सगळं स्टेशनपासून २०–२५ मिनिटांच्या चालीत आहे. गाडी कशाला?

तात्या: नोटीस कसबा बावड्यापर्यंत येते? नाद खुळा.

प्रसाद दाजी: ठीक आहे. मी फक्त पर्याय सुचवला होता.

आण्णा: राजाराम महाराजांच्या छत्रीचं कोणी बोलेना.

प्रसाद दाजी: आण्णा, राजाराम महाराज तर सिंहगडावर गेले ना?

आण्णा: ते शिवाजी महाराजांचे पुत्र, १७०० साली. मी १८७० चं बोलतोय. वय फक्त २०. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. आपला न्यू पॅलेस ज्यांनी उभा केला तेच. छत्रीखालचा अर्धपुतळा फुलर नावाच्या शिल्पकाराचा, १८७४ चा. शेजारचा पूलसुद्धा 'इंदियानो' नावाने ओळखला जातो. घरातल्या माणसांना एवढं माहीत असावं.

प्रसाद दाजी: हा मेसेज डिलीट करण्यात आला.

मंजू मावशी: मला एक सांगा, घुमटाला लिफ्ट आहे का?

श्रेया (बोलोन्या): नाही मावशी. ४६३ पायऱ्या, सगळ्या पायाने. ब्रुनेलेस्कीने घुमट दोन कवचांचा बांधलाय, १४२० ते १४३६. वाट त्या दोन कवचांच्या मधून जाते. शेवटी भिंत अंगावर झुकते आणि पायऱ्या उभ्या होतात. मध्येच कंटाळा आला म्हणून वळून खाली येता येत नाही, मागे लोक असतात. गुडघे, दम, बंद जागेची भीती, यातलं एक जरी असलं तरी चढू नये. शेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्याला ४१४ पायऱ्या, तिथंही लिफ्ट नाही.

मंजू मावशी: मग मी खाली बसून आइस्क्रीम खाईन.

श्रेया (बोलोन्या): बसा, पण तिकीट वेगळं काढू. चढणाऱ्यांसाठी ब्रुनेलेस्की पास ३० युरो. न चढणाऱ्यांसाठी गिबेर्ती पास १५ युरो, त्यात बाप्तिस्तेरी म्हणजे बाप्तिस्म्याची इमारत, डुओमोचं संग्रहालय आणि कॅथेड्रलखालचं जुनं चर्च. संग्रहालयाला लिफ्ट आहे. गिबेर्ती या शिल्पकाराची सोनेरी दारं तिथं अस्सल आहेत, बाहेर चौकात लोक ज्याचे फोटो काढतात ती नक्कल. मायकेलअँजेलोने म्हातारपणी केलेली पिएताही, म्हणजे मृत येशूचं शिल्प, तिथंच. बाप्तिस्तेरीत छताच्या मोझॅइकचं जतनकाम चालू आहे, परांच्या बघून नाराज होऊ नका.

वैशाली वहिनी: चढणारे ७, न चढणारे ४. म्हणजे २१० आणि ६०, एकूण २७० युरो. बरोबर?

श्रेया (बोलोन्या): बरोबर. पास ३ दिवस चालतो, पण घुमटाची वेळ एकच आणि ती बदलत नाही. सोमवारी सकाळी ९ च्या आसपासची सातही तिकिटं एकाच वेळेची, एकदम काढायची. दोघांनी आज, पाच जणांनी उद्या असं केलं की वेळा फुटतात. दार कॅथेड्रलच्या उत्तर बाजूला आहे. बरेच जण पुढच्या मोठ्या रांगेत उभे राहतात, ती फुकट कॅथेड्रल बघणाऱ्यांची असते. तिचा नंबर लागेपर्यंत घुमटाची वेळ निघून जाते. पाठीवरची सॅक आत चालत नाही, आधी जमा करायची. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेसुद्धा. तात्या, बर्मुडा नको.

तात्या: बर्मुडा रोमसाठी ठेवला.

श्रेया (बोलोन्या): रोममध्येही चर्चला हाच नियम.

सुनंदा आत्या: आता मंगळवार. उफिझी आधी की डेव्हिड आधी?

श्रेया (बोलोन्या): डेव्हिड आधी. अकादेमिया छोटं आहे, सव्वाआठला उघडतं, दीड तासात होतं. दुपारी अडीचला उफिझी, त्याला किमान ३ तास. उफिझी २५ युरो आणि आगाऊ बुकिंगचे ४, म्हणजे ११ जणांचे ३१९. तिकीट संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढायचं. शोधताना वरती जाहिराती येतात त्या दलालांच्या, दुप्पट भाव लावतात. उफिझीत सुरुवात वरच्या मजल्यापासून होते आणि जिने लांबलचक आहेत. मावशींसाठी तिथं लिफ्ट मागता येते.

तात्या: चौकात डेव्हिड फुकट उभा आहे म्हणे. मग पैसे कशाचे?

सुनंदा आत्या: तो १९१० साली बसवलेला नकली. खरा १८७३ ला उचलून आत नेला, पावसापाण्याने झिजत होता म्हणून. ५ मीटर १७ सेंटिमीटर उंच. इतर शिल्पकारांनी हात लावून सोडून दिलेल्या दगडातून मायकेलअँजेलोने काढला, १५०१ ते १५०४. त्याच्याकडे जायच्या वाटेवर अर्धवट सोडलेले कैद्यांचे पुतळे आहेत, दगडातून निम्मे बाहेर आलेले. मी तर म्हणते ते डेव्हिडपेक्षा जास्त वेळ बघावेत.

तात्या: फक्त घरच्या ग्रुपवर त्याचा पूर्ण फोटो टाकू नका, आज्जी बघते.

वैशाली वहिनी: आज्जीने परवाच बघितला. म्हणाली, अंगाने धट्टाकट्टा आहे पोरगा.

आण्णा: छत्री मंगळवारी सकाळी करू का? डेव्हिडच्या आधी?

निखिल: आण्णा, माझ्याकडे लिहून आहे. पण ते गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. ११ जणांना घेऊन जायचं म्हणजे अर्धा दिवस. सगळ्यांना रस असेलच असं नाही.

आण्णा: रस नसेल त्यांनी दुकानं बघावीत. मी एकटा जाईन. भाषा येत नाही तरी जाईन.

मंजू मावशी: आण्णा, असं कसं बोलता. आम्ही पण येणार.

वैशाली वहिनी: जेवणाचं बोलू का? शाकाहारी चौघे आहोत. श्रेया, तिथं नक्की काय मागायचं?

श्रेया (बोलोन्या): पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला शिळा पाव. रिबोल्लिता म्हणजे पाव, पांढरे घेवडे आणि काळसर कोबीसारखी पालेभाजी, दाटसर. दोन्ही पोटभरीचं, पण आत मांसाचं पाणी घातलंय का ते विचारायचं. शब्द 'ब्रोदो'. 'मी शाकाहारी' एवढंच सांगितलं तर मासा आणून ठेवतील, म्हणून 'निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे' म्हणा. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी ते आधीच नको म्हणायचं. आणि गाड्यावर लाम्प्रेदोत्तो लिहिलेलं दिसलं तर लांबच राहा, ते गायीचं पोट.

मंजू मावशी: रामा. बरं झालं सांगितलंस.

श्रेया (बोलोन्या): तिथला पाव बिनमिठाचा असतो, बिघडलेला नसतो. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी एक-दोन-तीन युरो लागतात, ती फसवणूक नाही, बसण्याचे पैसे आहेत. बऱ्याच खानावळी दुपारी ३ नंतर बंद होतात आणि ७ शिवाय उघडत नाहीत. साडेपाचला भूक लागणाऱ्यांनी सोय करून ठेवावी. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, पियाझ्झा देल्ला सिन्योरिया चौकात राजवाड्याच्या बाजूला नळ आहे, साधं आणि बुडबुड्याचं दोन्ही फुकट.

वैशाली वहिनी: कांदा-लसूण मसाला, दशम्या, शेंगदाण्याची चटणी मी घेते. प्रत्येकी पाव किलो पुरे. ताई मटणाचं लोणचं आणि पेढे म्हणत होत्या.

श्रेया (बोलोन्या): दोन्ही नाही. मांस आणि दुधाचा कुठलाही पदार्थ बाहेरून युरोपात आणता येत नाही. पेढे, तूप, पनीर, सगळं त्यात आलं.

प्रसाद दाजी: तूपसुद्धा नाही? मग दशमी कशाशी खायची?

तात्या: कोपेर्तोशी.

आण्णा: हार कोल्हापुरातून न्यावा का? झेंडूचा. आणि नारळ.

श्रेया (बोलोन्या): आण्णा, ताजी फुलं नाही नेता येणार, वनस्पती तपासणीचा दाखला लागतो. गंमत म्हणजे नारळाला तो लागत नाही. अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ एवढ्याच फळांना सूट आहे. पण आपल्या विमानतळावर चेक-इनच्या सामानात सुकं खोबरं चालत नाही, नारळावरून काउंटरला वाद नको. फुलं फ्लॉरेन्समध्ये घेऊ, तिथं फुलवाले आहेत.

आणि छत्री मंगळवारी सकाळी नकोच. मंगळवारी काशिने बागेत आठवड्याचा बाजार भरतो, दुपारपर्यंत ट्राम खचाखच, पाकीटमारही तिथंच. सोमवारी दुपारी करू. घुमट सकाळी होतो, उफिझी-अकादेमिया तशीही बंद. कोणाचं काहीच बुडत नाही.

आण्णा: सोमवार उत्तम. महादेवाचा वार.

श्रेया (बोलोन्या): स्टेशनजवळच्या अलामान्नी थांब्यावरून टी-१ ट्राम, विल्ला कोस्तान्झाच्या दिशेची. काशिने थांब्यावर उतरायचं. इथं चूक होते: थांबा बागेच्या अलीकडच्या टोकाला आणि छत्री पार पलीकडच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमाजवळ. मध्ये ३ किलोमीटर, सपाट, झाडीतून. पाऊण तास धरा. मावशी आणि आण्णांनी टॅक्सी करावी. रस्त्यात हात करून टॅक्सी थांबत नाही, तळावरून घ्यायची किंवा फोनवर मागवायची. नकाशात 'मोनुमेन्तो आल्लिंदियानो' टाका. 'पॉन्ते आल्लिंदियानो' टाकलं तर हमरस्त्याच्या पुलावर नेऊन सोडेल, तिथं उतरता येत नाही.

आण्णा: मी चालणार. टॅक्सी मंजूला द्या.

निखिल: नवीन तक्ता: रविवार संध्याकाळ पॉन्ते व्हेक्यो आणि १३ नंबरच्या बसने पियाझ्झाले मिकेलांजेलो हा टेकडीवरचा चौक. सोमवार घुमट, दुपारी छत्री. मंगळवार डेव्हिड, उफिझी. बुधवारी सकाळी व्हेनिस. कृपया वाचून अंगठा द्या, न वाचता नको.

सुनंदा आत्या: वाचला. चालेल. हेच आधी केलं असतंस तर.

निखिल: धन्यवाद आत्या.

वैशाली वहिनी: व्हिसासाठी सगळ्यांनी पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मला आजच पाठवा. १० आले. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, व्हिसाचं शुल्क मोठ्यांना ९० युरो. तात्या, तुमचाच राहिलाय. शुभ सकाळ रोज येते, पासपोर्ट येत नाही.

तात्या: कपाटात आहे. २२ जुलै २०२६ पर्यंत चालू आहे. आपण ९ मे ला परत. भरपूर झालं.

वैशाली वहिनी: नाही तात्या. युरोपातून निघाल्यावर पुढं ३ महिने चालू लागतो. म्हणजे निदान ९ ऑगस्ट. तुमचा १८ दिवस कमी पडतोय. उद्याच्या उद्या नूतनीकरणाचा अर्ज, तत्काळमध्ये. नवीन नंबर आल्याशिवाय विमाही काढता येणार नाही.

प्रसाद दाजी: तरी मी म्हणत होतो सगळ्यांची कागदपत्रं आधी बघूया.

निखिल: तुम्ही गाडी म्हणत होता दाजी.

तात्या: कसबा बावड्यात पासपोर्टचं ऑफिस आहे का?

आण्णा: सोमवारी छत्री. पक्कं ना?

निखिल: पक्कं आण्णा.